निळे कान आणि काळे लंगोट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. पांढुर्ण्याहून जाम नदीचा पूल ओलांडला की पलीकडे सावरगाव. साल एकोणीसशे शहाऐंशी, मार्गशीर्ष महिना, संत्र्याचा हंगाम. नदीकाठच्या मोकळ्या जागेत मोठा मांडव घातलेला आहे. आत इतकी माणसं आहेत, की घरी कोण राहिलं असेल असा प्रश्न पडावा. जी आजारी होती ती घरी राहिली, म्हणावं तर त्यांनाही खाटेसकट इथेच आणलंय.

समोर ओटा. ओट्यावर वाघाचं कातडं. वाघ सतरंजीवर छापलेला होता, पण लांबून पाहणाऱ्याला तेवढं पुरे. त्यावर बसलेत श्री अंगारनाथ महाराज. उजव्या हाताला धुनी, डाव्या हाताला भक्तांनी आणलेल्या संत्र्यांच्या पेट्या. महाराज फक्त हवा खाऊन राहतात, असं त्यांचा चेला भैय्याजी सगळ्यांना सांगत असे. हवा खाऊन एवढं पोट सुटत असेल, तर नदीकाठची हवा खरंच पौष्टिक म्हणायची.

आता पहिल्या रांगेत पाहा. दोन वेण्यांची, नखं कुरतडणारी ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे इंदू. तिच्या शेजारी तिची माय उषा, आणि मायच्या मांडीवर पाच महिन्यांचा हेमंत. मागे आजी शकुबाई आणि बाबूजी विनायकराव. पांढुर्ण्यात बाबूजींचं किराणा दुकान. आणि सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, जरा वाकून उभी आहे ती इंदूची आत्या, पंचफुला.

"लाव रे लेकराले समोर," महाराज म्हणाले.

भैय्याजीनं काचेचा ग्लास धरला. हेमंतनं, कोणाचीही भीड न बाळगता, त्यात आपलं काम केलं. ग्लासातलं पिवळंधमक, तुमच्या-आमच्यासारखंच. मग महाराजांनी चिमूटभर अंगारा घेतला, कपाळाला लावला, ग्लासात सोडला आणि चिमट्यानं ढवळलं.

"बालकस्य देहे काला साया प्रविष्टम्," महाराज म्हणाले. त्यांची भाषा म्हणजे हिंदी, मराठी आणि संस्कृत यांचं एका बरणीत घातलेलं लोणचं होतं. "समझे? काला साया. म्हंजे करनी."

ग्लासातलं वरचं पाणी तपकिरी झालं. मग चहासारखं. मग तो रंग वरून खाली उतरत गेला आणि काही मिनिटांत ग्लास शाईच्या दौतीसारखा काळा झाला. मांडवातून असा एक आवाज निघाला, जणू सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला आणि सोडायचा विसरले.

महाराजांनी डोळे मिटले. "याच घरात हाये. बाई हाये. तिचे कान... निळे हायेत."

दोनशे माना खांबाकडे वळल्या.

पंचफुलाआत्याचे कान खरंच निळे होते. कोणी आतून शाई भरावी तसे निळसर काळे. तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागातही तपकिरी ठिपके होते. बेचाळिसाव्या वर्षीच तिची पाठ वाकली होती आणि गुडघे पायऱ्या चढताना कुरकुरत. हे सगळ्या पांढुर्ण्याला ठाऊक होतं. महाराजांना ते डोळे मिटून दिसलं, याचंच लोकांना केवढं नवल.

आत्या नवरा गेल्यापासून भावाकडे राहत होती. हंगामात व्यापाऱ्याच्या वखारीत संत्र्याच्या पेट्या भरायला जाई. इंदू तिच्याच गोधडीत झोपे. पाढे, वाघबकरी आणि संत्र्याची साल एका लांब पट्टीत काढायची कला, हे सगळं इंदू आत्याकडून शिकली होती.

"अकरा दिवस हिले घराबाहेर ठिवा," महाराजांनी फर्मावलं. "लेकराचे लंगोट गोरे राह्यले, तर करनी हिचीच. पौर्णिमेले हिले इथं आना. केस कापून शिवेपार करू. मग हिनं पांढुर्ण्यात पाय ठेवाचा नाई."

इंदूनं मागे पाहिलं. आत्यानं पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता.

*

आता लंगोटांचं काय, ते सांगतो.

हेमंत जन्मला तेव्हापासून हा प्रकार सुरू होता. लंगोट ओला व्हायचा तेव्हा साधा दिसायचा. मोरीत सोड्याच्या पाण्यात टाकला की काळा. दुकान घरचंच, त्यामुळे धुण्याचा सोडा मूठमूठ वापरला जाई. जितका जास्त सोडा, तितका जास्त काळा. माय घासून घासून थकली. आजीनं ते लंगोट परसात, गोठ्यामागच्या तारेवर वाळत घालायचा नियम केला, म्हणजे रस्त्यावरून दिसू नयेत.

पण लंगोट लपवता येतात, शेजारीण लपवता येत नाही. विजयमाला काकूंची ओसरी भिंतीला लागून होती. महाराज गावात यायच्या आधी तीन दिवस त्यांचा चेला भैय्याजी त्याच ओसरीवर चहा पीत बसला होता. "गावात कोनाले काही तरास?" असं तो फार मायेनं विचारी. काकूंनीही मायेनं सगळं सांगितलं: लंगोट काळे होतात, सोड्यात टाकल्यावरच होतात, परवा सोडा संपला तेव्हा शकुबाईनं रिठ्यानं धुतले तर झाले नाहीत, आणि हो, त्यांच्या घरात एक निळ्या कानांची विधवा आहे. महाराजांची दिव्यदृष्टी काय, तीन कप चहात तयार झाली. साखर काकूंची.

महाराजांच्या फर्मानानंतर दुसऱ्याच दिवशी आत्या गाठोडं घेऊन निघाली. मोहगावला तिच्या चुलत सासऱ्याचं घर होतं. तिथे तिला ठेवून घेतील, पण गोठ्याशेजारी, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आत्या, तू खरंच काही केलं नाई ना?" इंदूनं बसथांब्यावर विचारलं.

आत्या हसली. "अवं पोट्टे, मले करनी करता आली असती, तर मी आधी माह्या गुडघ्यावर नसती केली काय?"

बस गेली. आणि त्याच दिवसापासून हेमंतचे लंगोट पांढरेशुभ्र राहू लागले.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. माय रोज तारेकडे पाहून हात जोडी. बाबूजींनी महाराजांकडे नारळ पाठवला. आजी मात्र गप्प होती. आणि इंदूची झोप उडाली. कारण मुलांनो, खरं सांगायचं तर तिलाही वाटू लागलं, की आत्यानंच केलं असेल. डोळ्यांसमोर पांढरे लंगोट लटकत असताना वेगळं काय वाटणार? मोठमोठी माणसं याहून कमी पुराव्यावर बुडालीत.

पाचव्या दिवशी ती शाळेत मधल्या सुट्टीत प्रतिभा बहनजींसमोर जाऊन उभी राहिली. बहनजी विज्ञान शिकवत. त्यांना मुलं जरा भीत, कारण त्या उत्तर कधी सांगत नसत.

इंदूनं सगळं सांगितलं. बहनजी डबा खाता खाता ऐकत होत्या.

"समज," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी भाजी खारट झाली. त्या दिवशी मिठाचा नवा पुडा फोडला होता, आणि त्याच दिवशी घरी पाहुणाही आला होता. दोष कोणाला देशील?"

"मिठाले."

"काहून? पाहुण्याला का नाही?"

"पाहुना भाजीत पडला नाई ना, बहनजी."

"बरोबर. मग आत्या लंगोटात पडली होती काय?" बहनजींनी डबा बंद केला. "आत्या गेली त्या दिवशी घरात आणखी काय बदललं, ते पाहून ये. कोणाला विचारू नको. विचारलं की माणसं त्यांना काय वाटतं ते सांगतात. तू फक्त पाहा."

इंदूनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीजवळ दात घासत ती बराच वेळ उभी राहिली, इतका की आजी म्हणाली, "दात हायेत का भांडे?"

मायनं ओला लंगोट उचलला. आधी लिंबू पिळलेल्या पाण्यात बुचकळला. मग रिठ्याच्या फेसात धुतला. सोड्याचा डबा फळीवर बंद.

"माय, सोडा काहून नाई घेत?"

"महाराजानं सांगतलं. सोडा कारखान्यातला, त्याले इटाळ असते. अकरा दिवस मंत्रवलेलं लिंबू आन् रिठा."

म्हणजे आत्या घरातून गेली, त्याच सकाळी सोडाही गेला होता. घरातल्या सगळ्यांनी आत्याला जाताना पाहिलं. सोड्याला जाताना कोणी पाहिलं नाही, कारण सोड्याचे कान निळे नव्हते.

*

रविवारी दुपारी माय जरा कलंडली तेव्हा इंदूनं हेमंतचा ओला लंगोट पळवला आणि परसात नेला. कात्रीनं त्याचे चार तुकडे केले. चार करवंट्या मांडल्या. एकीत सोड्याचं पाणी, दुसरीत चुलीतल्या राखेचं, तिसरीत रिठ्याचं, चौथीत लिंबाचं. लिंबू बाजारातलं होतं, मंत्र न मारलेलं. एकेक तुकडा एकेका करवंटीत बुडवला आणि ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

अर्ध्या तासानं सोड्यातला तुकडा काळपट झाला. मग राखेतला. रिठ्यातला आणि लिंबातला तसेच पांढरे.

आत्या त्या वेळी मोहगावात होती, बसनं तासाभराच्या वाटेवर. तिथून करणी पाठवली म्हणावं, तर ती चार करवंट्यांपैकी नेमक्या दोनच कशी निवडत होती?

इंदू धावत बहनजींच्या घरी गेली. बहनजींनी काळे तुकडे उजेडात धरून पाहिले. शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "दुसऱ्या कोणाच्या बाळाचा लंगोट सोड्यात टाकून पाहिला?" एवढंच म्हणाल्या.

इंदू परत धावली. विजयमाला काकूंचा नातू सहा महिन्यांचा होता. "काकू, मी धुऊन देतो," म्हटल्यावर काकूंनी एक सोडून तीन लंगोट दिले. तिन्ही सोड्यात टाकले. तिन्ही पांढरेच्या पांढरे.

म्हणजे नुसता सोडाही गुन्हेगार नव्हता. हेमंतच्या लघवीत असं काही होतं जे दुसऱ्या बाळात नव्हतं. सोडा आणि राख ते फक्त उघडं पाडत होते, आणि लिंबू ते झाकत होतं.

"मग ते काय हाये, बहनजी?"

"मला माहीत नाही. नागपूरच्या डॉक्टरांना विचारू. पण महाराजांचा अंगारा काय आहे, ते आपल्याला कळलं."

"राख."

"राख. आणि तो ग्लास इतक्या लवकर काळा झाला, म्हणजे त्यात पानाचा चुनाही असणार. आपली राख जरा आळशी आहे, एवढाच फरक."

त्या रात्री रिकाम्या गोधडीत पडल्यावर इंदूला आठवलं, आत्या आपले कपडे नेहमी वेगळे धुवायची. आणि नेहमी रिठ्यानं. घरात पोतंभर सोडा असताना. सकाळी आजी सुपात तांदूळ निवडत होती, तिथे जाऊन इंदूनं विचारलं.

"आजी, आत्याले रिठ्यानं धुवाले कोनं शिकवलं?"

आजीचा हात सुपातच थांबला. "जाय, शाळेत जाय," ती म्हणाली. पण त्या दिवशी तांदळात खडे राहिले, आणि शकुबाईच्या हातून तांदळात खडा राहणं ही त्या घरातली पहिलीच वेळ होती.

*

पौर्णिमा आली. मांडव पहिल्यापेक्षा जास्त भरला होता. चमत्कार पाहायला माणसं येतातच, पण कोणाची फजिती पाहायला मिळणार असेल तर पाहुणे घेऊन येतात. ओट्याखाली न्हावी बसला होता. त्याच्यासमोर आत्या, गाठोडं मांडीवर, मान खाली. अकरा दिवसांत ती अजून वाकली होती.

"लंगोट?" महाराजांनी विचारलं.

"गोरेपान हायेत, महाराज," बाबूजी म्हणाले. बहिणीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तो फिर?" महाराजांनी न्हाव्याला खूण केली.

"महाराज, मले एक इचाराचं हाये," इंदू उभी राहिली.

भैय्याजी पुढे आला. "ए पोट्टी, बस खाली."

"बोलू द्या," मागून प्रतिभा बहनजी म्हणाल्या. "महाराजांना तिन्ही लोकांतलं कळतं. सहावीतल्या पोरीचं कळायला काय हरकत आहे?"

काही लोक हसले. महाराजांना हसावंच लागलं.

इंदूनं पिशवीतून एक लंगोट काढला. काळा. "हा मी काल सोड्यात धुतला. आत्या मोहगावात होती."

मग बहनजींनी दोन ग्लास ओट्यावर ठेवले. दोन्हींत हेमंतची त्याच सकाळची लघवी. एक ग्लास इंदूनं आत्याच्या हातात दिला. "आत्या, याच्याकडे पाह्य. फूक मार. तुले शिव्या येत असन तर शिव्याही दे."

आत्यानं ग्लासाकडे पाहिलं. मग महाराजांकडे. "शिव्या याले कायले देऊ," ती म्हणाली, "यानं काय केलं?"

पुन्हा हशा. दुसरा ग्लास ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होता. इंदूनं पुडी सोडली, त्यात राख टाकली आणि काडीनं ढवळू लागली.

काही झालं नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. महाराज मांडी बदलून बसले. "मंत्र लगता है बेटी. मंत्र. स्कूल में नहीं सिखाते." मांडवात कुजबुज सुरू झाली. मायनं तोंडाला पदर लावला. इंदूची काडी गोल गोल फिरत राहिली आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती: आपली राख आळशी आहे, आपली राख आळशी आहे.

मग वरचा थर तपकिरी झाला.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं पाहिलं आणि कोपरानं शेजाऱ्याला ढोसलं. रंग खाली उतरत गेला. आत्याच्या हातातला ग्लास तसाच पिवळा होता.

"ये तो मेरी धुनी की भस्म है," महाराज कडाडले. "चोरी की है."

"आमच्या चुलीतली हाये," इंदू म्हणाली. "सकाळी यात वांगं भाजलं."

आता मात्र मांडव मोकळेपणानं हसला. पण गर्दीचं काही सांगता येत नाही. मागून एक जण उठला. "ते सगळं बरोबर हाये. पन माह्या पोट्ट्याच्या लघवीत असं होत नाई. याच्याच काहून होते?"

इंदूनं बहनजींकडे पाहिलं.

"मले माहीत नाई," इंदू म्हणाली.

"मालूम नहीं," महाराजांनी दोन्ही हात वर केले. "सुना? इनको मालूम नहीं. हमको मालूम है. करनी है. चलाव रे उस्तरा."

"माहीत नाही, हे खरं उत्तर आहे," बहनजी म्हणाल्या. "ते शोधता येतं. पण आपल्याला माहीत नाही म्हणून एका बाईचे केस कापा, हे कसलं उत्तर?"

न्हाव्यानं वस्तरा उघडला होता. तो महाराजांकडे पाहू लागला, मग बाबूजींकडे. बाबूजी जमिनीकडे पाहत होते.

"थांब," कोणीतरी म्हणालं.

आजी होती. शकुबाई कधी चारचौघांत बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"माह्या पंचफुलाचेही लंगोट काळे होत," ती म्हणाली. "बेचाळीस वर्साआधी. मी कोनाले सांगतलं नाई. पोरगी हाये, लगन कसं होईन म्हनून मी रिठ्यानं धुवाले लागली. तिलेही तेच शिकवलं. मले वाटलं, कोनंतरी माह्या पोरीवर करनी केली." ती लेकीजवळ जाऊन खाली बसली. "तिनं केली नाई, बाप्पा. तिले झाली. जे या लेकराले झालं, तेच तिले झालं. अन् हे माहीत असून मी अकरा दिवस गप्प बसली."

आत्यानं वर पाहिलं.

"मले वाटे, तुले माहा किळस येते," ती म्हणाली. "म्हनून कपडे येगळे."

न्हाव्यानं वस्तरा मिटला आणि धोकटीत ठेवला. ते त्याला कोणाला सांगावं लागलं नाही.

महाराजांना दुसऱ्याच दिवशी हिमालयातून बोलावणं आलं. ते भैय्याजीला घेऊन वरुडच्या बसमध्ये बसले. वरुड दक्षिणेला आहे आणि हिमालय उत्तरेला, हे इंदूच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांना अडवून रस्ता सांगावा, असं कोणालाही वाटलं नाही. संत्र्याच्या पेट्या मात्र त्यांनी आठवणीनं नेल्या. नदीकाठची हवा तेवढी राहिली.

*

पुढच्या आठवड्यात सगळे नागपूरला गेले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हेमंतची लघवी तपासली आणि मग आत्याचीही. आत्याचे कान पाहिले, डोळे पाहिले, पाठीचा फोटो काढला. मग म्हणाल्या, "या आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया. लाखांत एखाद्याला होतो. तुमच्या घरात दोघांना आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. बाबूजी मान डोलवत राहिले, म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये इंदूनं पुन्हा विचारलं, तेव्हा आत्याच सांगू लागली.

"आमच्या वखारीत पाह्यलं ना तू? बाया ओळीनं बसतात. एक संत्रं पुसते, दुसरी निवडते, तिसरी गवत लावते, चवथी पेटीत रचते. हातोहात माल पुढं जाते. आपन डाळ-दूध जे खातो, त्याच्यातला काही माल आंगात असाच हातोहात पुढं जाते. आता समज, मधातली एक बाई आलीच नाई. तर?"

"माल साचन."

"साचन. मग सांडन. लघवीतून जाते तो सांडलेला माल. त्याले हवा लागली, सोडा लागला, का तो काळा. अन् काही माल आतच राह्यते. वर्साला थोडा थोडा. कानात, डोळ्यात, पाठीच्या मनक्यात, गुडघ्यात." तिनं कानाला हात लावला. "हे त्याचे डाग."

"पन ती बाई काहून नाई आली?"

"तिले बोलावाची चिठ्ठी बिघडली. ती चिठ्ठी मायकडून एक येते अन् बापाकडून एक. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते, मानसाले काही होत नाई. दोन्ही बिघडल्या, तरच हे."

माय उषा इतका वेळ खिडकीतून बाहेर पाहत होती. ती म्हणाली, "म्हंजे माह्याकडून आलं."

"अर्धं तुह्याकडून, अर्धं विनायककडून," आत्या म्हणाली. "तू आमच्या मामाची पोरगी. आपल्याकडे मामाची पोरगी करतात, घरातली म्हनून. ती बिघडलेली चिठ्ठीही घरातच फिरत राह्यली. तुमच्या दोघांतही एकएक चांगली चिठ्ठी हाये, म्हनून तुम्हाले काही नाई. कोनी जानून दिली काय?"

यावर औषध आहे का, हे मायनं दवाखान्यातच विचारलं होतं. खात्रीचं औषध आज नाही, असं डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या होत्या. हेमंत इतर मुलांसारखाच शिकेल, खेळेल. मोठेपणी पाठ आणि सांधे जपावे लागतील, ओझी वाहायची नाहीत, वेळोवेळी तपासून घ्यायचं. आत्याला त्यांनी पाठीचे व्यायाम दाखवले आणि पेट्या उचलायला मनाई केली. निवडायला हरकत नाही.

मुलांनो, अंगारनाथांकडे खात्रीचं औषध होतं, हे विसरू नका. डॉक्टरीणबाईंकडे नव्हतं. तरी मी तुम्हाला सांगेन, की जो "मला माहीत नाही" म्हणू शकतो त्याच्यावर विश्वास ठेवा, आणि ज्याला सगळंच माहीत आहे त्याच्यापासून आपले केस सांभाळा. एखादी विचित्र गोष्ट दिसली तर घाबरू नका, आणि कोणाकडे बोट दाखवायची तर मुळीच घाई करू नका. आधी पाहा, त्या दिवशी आणखी काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. त्याला फार साहित्य लागत नाही. चार करवंट्या पुरतात, आणि उत्तर येईपर्यंत गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहायची तयारी.

नागपूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूनं काय केलं, तेवढं सांगतो.

तिनं सोड्याचा डबा फळीवरून खाली काढला. हेमंतचे लंगोट सोड्यात धुतले. काळे व्हायचे ते झाले. तिनं ते गोठ्यामागे नेले नाहीत. समोरच्या दारात, रस्त्याच्या बाजूला बाबूजींनी दुकानाचा पडदा अडकवायला तार बांधली होती, तिच्यावर एका ओळीत वाळत घातले. आत्याचं लुगडंही आणलं आणि त्यांच्या शेजारी पसरलं. आजी दारात आली, तारेकडे पाहिलं आणि आत जाऊन चिमटे घेऊन आली.

विजयमाला काकू भिंतीपलीकडून डोकावल्या. "अवं इंदू, हे काय लावून राह्यली रस्त्यावर?"

इंदूनं चुलीतली राख एका करवंटीत घेतली, एक ओला लंगोट घेतला आणि भिंतीवर ठेवला.

"बसा काकू," ती म्हणाली. "अर्धा तास लागन. चहा आमच्याकडचा."